जिन्याची जागा

"ही खोली गेली की जिना इथून सरळ वर जातो," जीवन ठेकेदार म्हणाला आणि हातातल्या हातोडीचं टोक त्याने भिंतीवर दोन-तीनदा आपटलं. आतून पोकळ आवाज आला. रंजिता त्याच्या पाठीमागे चहाचा ट्रे घेऊन उभी होती. भिंतीवरचा तिचा आरसा खिळ्यावर थरथरला आणि त्यात दिसणारा तिचा खांदा, ट्रेची कड, दारातला निकेश हे सगळं हलत्या पाण्यात दिसावं तसं क्षणभर विस्कटलं. ही खोली रंजिताची आहे हे जीवनला माहीत नव्हतं. त्याच्या लेखी ती घराच्या मागच्या अंगाची एक अंधारी खोली होती. लोखंडी कॉट, एक कपाट, दोरीवर टॉवेल. अशा खोल्या गावातल्या सगळ्याच जुन्या घरांत असतात. पण निकेशला माहीत होतं. तिचा हा धाकटा भाऊ उंबऱ्यात उभा राहून मोबाइल बघत होता, आणि मान वर न करताच तो म्हणाला, "हां, चालेल." त्याच्या आवाजात लबाडी नव्हती, संकोच नव्हता, काहीच नव्हतं. रंजिताने चहा दिला. साखर पुरेशी आहे का, असंही विचारलं. मग ती स्वयंपाकघरात आली आणि रिकामा ट्रे धुऊ लागली. ट्रे स्वच्छच होता. तरी तिने तो घासणीने घासला, पालथा केला, पुन्हा घासला. बाहेर निकेशची बायको विनिता ठेकेदाराला वरच्या मजल्यावरच्या खिडक्या कुठे हव्यात ते सांगत होती.

घराला हात लावायची वेळ आली होती हे खरंच होतं. ते बाबांनी, म्हणजे बळीरामने, सरकारने घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्याच्या पहिल्या पैशांत बांधलं होतं. त्या काळात या बाजूच्या गावांतून सगळ्यांनीच घाईघाईने स्लॅबची घरं उठवली आणि वाळू खाडीतली वापरली, कारण ती जवळ होती आणि स्वस्त होती. वाळूतलं मीठ आतल्या सळयांनी वर्षानुवर्षं खाल्लं. सळया फुगल्या, स्लॅबला आतून चिरा गेल्या आणि शिमग्याच्या सुमारास एका दुपारी ओट्यावर, गॅसच्या शेगडीशेजारी, ताटाएवढा तुकडा येऊन पडला. रंजिता तेव्हा कामावर होती. पळस्प्याजवळच्या एका कंटेनर यार्डात ती हिशेब बघायची. घरी आली तेव्हा बाबा ओट्याकडे पाठ करून पायरीवर बसले होते आणि ओट्यावर तुकडा तसाच होता. त्याच रात्री फोनवर निकेश म्हणाला की आता बस झालं, आपण करूनच टाकू. नवीन खांब, नवीन स्लॅब, वर दोन खोल्या. तो, विनिता आणि मुलगी मनस्वी तिकडून इकडे राहायला येणार, नवीन पनवेलचा फ्लॅट भाड्याने देणार, भाड्यातून कर्जाचा हप्ता जाणार. रंजिताने आपली ठेव मोडून द्यायची होती. ती देते असं तिनेच आधी सांगितलं होतं. निकेशला मागावी लागली नव्हती. आणि खर्चाची सगळी जुळवाजुळवही तिच्याकडेच आली. "ताई, तूच बघ. आकड्यांत तुझ्यासारखं डोकं आपल्याकडे कुणाचं आहे?" असं तो म्हणाला तेव्हा तिला बरंही वाटलं होतं.

ठेकेदार गेला, निकेश आणि विनिता गेले, आणि ती खोलीत येऊन कॉटवर बसली. इथून जिना वर जाणार. तिने नकळत वर पाहिलं. म्हणजे आपली उशी आहे तिथे पहिली पायरी, कपाट आहे तिथे वळण. माणसं चपला वाजवत वर जातील, खाली येतील. ही खोली मुळात कोठीची. तांदळाच्या गोण्या, मिठाचा रांजण, सुकटीचे डबे. उरणकडच्या गावात दिलेली रंजिता लग्नानंतर चौथ्या वर्षी एक बॅग घेऊन परत आली, तेव्हा कुणी काही विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं? नवऱ्याने हात उगारला नव्हता. सासू वाईट बोलत नव्हती. फक्त त्या घरात तिची अशी जागा कुठेच नव्हती. पाहुणे आले की ती आणि तिचं अंथरूण हलायचं. कधी पडवीत, कधी नणंदेच्या पायथ्याशी, कधी देवघराबाहेरच्या बोळात. मूल होईना तसं हे हलणं वाढत गेलं. एकदा पहाटे जाग आल्यावर आपण कोणत्या खोलीत आहोत हे तिला कितीतरी वेळ कळलंच नाही. हाताने भिंत चाचपत ती पडून राहिली, आणि सकाळी बॅग भरून एसटीत बसली. गोदूबाई, तिची आई, तेव्हा होती. तिने त्या दिवशी एकटीनेच गोण्या ओढून बाहेर काढल्या, जमीन सारवल्यासारखी पुसली आणि कॉट आणून टाकली. आई आता नाही. सुकटीचा वास मात्र अजून आहे, दमट दिवसांत तो भिंतीतून येतो, आणि रंजिताला त्याची लाज वाटत असे. पाहुण्यांना ती या खोलीकडे फिरकू देत नसे. आज पहिल्यांदाच तिने तो वास छाती भरून आत घेतला आणि स्वतःवरच चिडली.

आठवडाभर ती यार्डातल्या कॉम्प्युटरवर, जेवणाच्या सुट्टीत, घराच्या खर्चाचा तक्ता मांडत राहिली. बाहेर ट्रेलर मागे घेताना वाजणारे भोंगे, काचेवर धूळ, टेबलावर अर्धा डबा. जीवनने सांगितलेला आकडा सव्वीस लाखांवर जात होता आणि बँकेचं कर्ज, निकेशची शिल्लक, तिची ठेव सगळं मिळून बावीसच्या पुढे सरकत नव्हतं. कात्री लावायची होती. तिने फरशी बदलली, दारांचं लाकूड बदललं, गच्चीवरची शेड काढली. प्रत्येक वस्तू खोडताना तिला बारीकसं सुख होत होतं आणि ते सुख चांगलं नाही हेही कळत होतं. बाबांच्या खोलीपाशी ती थांबली. नव्या नकाशात ती खोली मोठी केली होती, चांगली ऐसपैस, आतच संडास-बाथरूम. एवढी मोठी कशाला? एका म्हाताऱ्या माणसाला एवढी मोठी खोली कशाला? हा प्रश्न डोक्यात आला आणि उत्तर त्याच्या पाठोपाठच आलं, इतकं सोपं की तिच्या मानेवर घाम फुटला. दुसरा पलंग. त्या खोलीत दुसरा पलंग धरलेला आहे. बाबांना रात्री उठवायला, पाणी द्यायला, पुढे-मागे कूस बदलायला. कुणी ठरवलेलंही नसेल. जेवायला बसल्यावर पाण्याचा तांब्या तिच्याच हाताशी असतो, तसंच हे.

मग तिला जिना सापडला. म्हणजे तो तिथेच होता. जीवनने बोलता बोलता सांगितलंच होतं की पैसे कमी पडले तर जिना बाहेरून, ओटीच्या बाजूने, लोखंडी करता येईल. आतला जिना म्हणजे भिंत पाडा, आधाराला बीम घाला, स्लॅबमध्ये जागा सोडा. बाहेरचा केला तर सव्वादोन लाख सरळ वाचत होते. तिने तो बदल तक्त्यात केला, बेरीज झरझर खाली आली आणि तिच्या छातीतलं काहीतरीही खाली बसलं. खोलीचं नावही काढायची गरज नव्हती. आकडाच बोलेल. निकेशला ती म्हणेल, बघ, एवढे वाचतात. पण घरी जाताना, रिक्षात, तिला वाटायला लागलं की हे खोटं आहे. बेरीज खोटी नव्हती. खोटं होतं ते आपलं तोंड, जे बचतीचं बोलणार होतं. दोनदा तिने निकेशला फोन लावला आणि दोनदा भलतंच बोलली. एकदा सिमेंटच्या भावाबद्दल, एकदा मनस्वीच्या सर्दीबद्दल. रात्री बाबांना जेवायला वाढताना ती त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. यांना माहीत आहे का? ठेकेदार आला त्या दिवशी ते ओटीवरच बसले होते, सगळं ऐकू गेलं असणार. बाबा भातावर आमटी ओढत होते, माशाचा काटा अंगठ्याने बाजूला करत होते, आणि त्यांना काही माहीत नाही किंवा सगळं माहीत आहे, दोन्ही सारखंच खरं वाटत होतं.

रविवारी सगळे ओटीवर बसले. जीवन खुर्चीवर, निकेश आणि विनिता बाकावर, बाबा भिंतीला टेकून खाली. रंजिताने एकेक बाब वाचून दाखवली आणि सगळं ठीक चाललं. फरशीला विनिताने जरा तोंड वाकडं केलं, पण मान्य केलं. जिन्याशी आल्यावर रंजिताचा आवाज तिलाच परका वाटला. जिना बाहेरून घेतला तर सव्वादोन वाचतात, ती म्हणाली, आणि कागदावरून नजर उचलली नाही. निकेशने डोकं खाजवलं. विनिता म्हणाली की पावसात ये-जा कशी करायची, मनस्वी रात्री अभ्यास करून पाणी प्यायला खाली यायची म्हटली तर घराबाहेर पडून येणार का, आणि बाहेरून जिना म्हणजे वर भाडेकरू ठेवल्यासारखं दिसतं. तिचं म्हणणं रास्त होतं. रंजिताला ते सगळं पटत होतं. निकेश म्हणाला, "ताई, दोन लाखांसाठी आयुष्यभराची गैरसोय नको. मी ऑफिसातून उचल घेतो. जिना आतूनच ठेवू." आणि त्याने हात पुढे केला, पुढचं पान बघायला.

तिने पान दिलं नाही. तिला दिसलं की आपण ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं आहे. बाहेर कुणाच्यातरी अंगणात काँक्रीटचा मिक्सर चालू झाला, बंद झाला. आता नाही बोललं तर पुन्हा कधीच बोलता येणार नाही, हे तिला इतकं लख्ख कळलं की भीतीच वाटेनाशी झाली.

"मग मी कुठं झोपायचं?" ती म्हणाली.

निकेशचा चेहरा बघण्यासारखा झाला. तो दचकला होता, आणि ते दचकणं खरं होतं. त्याच्या मनात हे आलंच नव्हतं. रंजिताला क्षणभर वाटलं, याच्या मनात वाईट हेतू असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. लहानपणी तो तिच्या पोलक्याला धरून झोपायचा. आई कामावरून येईपर्यंत तीच त्याला भरवायची. तेव्हापासून ती असतेच. तो सावरून म्हणाला की अगं, बाबांची खोली एवढी मोठी केली ती त्याचसाठी, तिथे तुझा बेड, तुझं कपाट, बाथरूम आतच, उलट आतापेक्षा कितीतरी बरं. विनिता पटकन म्हणाली की नाहीतर मनस्वीच्या खोलीत एक बेड सहज बसेल. जीवन आपल्या बुटांकडे बघत होता.

"माज्या खोलीत नको," बाबा म्हणाले.

ते इतक्या हळू बोलले की निकेशने काय म्हणालात असं विचारलं. बाबांनी तेच पुन्हा म्हटलं. "रंजू माज्या खोलीत नको. मला नाय चालायचं." आणि ते उठून आत गेले. नको म्हणजे काय? आपला त्रास होतो? एवढी वर्षं त्यांचं पथ्यपाणी, औषधं, कपडे बघणारी बाई डोळ्यांसमोर नको, असं? की आणखी काही? तिला विचार पुरा करायला वेळ नव्हता, सगळे तिच्याकडेच बघत होते, आणि तिच्या तोंडून जे निघालं ते तिने आठवडाभरात एकदाही मनात म्हणून पाहिलं नव्हतं. "माझी खोली राहील. जिना बाहेरून होईल. नसेल होणार तर माझे पैसे यात धरू नका." आवाज चढला नव्हता. निकेशने बाकावरची गाडीची किल्ली उचलली. मग जीवनला म्हणाला, "बाहेरून धरा," आणि उठून गाडी सुरू करायला गेला.

जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. त्यानंतर निकेशचे फोन कामापुरते येऊ लागले. तो ताई म्हणायचा, पण आधी जे दोन-चार शब्द उगीचच असायचे ते गेले. विनिता जास्तच गोड बोलायची. रंजिता यार्डात बसून त्या रविवारचं बोलणं पुन्हा पुन्हा ऐकत असे आणि प्रत्येक वेळी आपला आवाज तिला आधीपेक्षा कठोर वाटे. काम सुरू होण्याआधी घर रिकामं करायचं होतं. बाबा निकेशकडे जाणार होते. निकेशने तिलाही बोलावलं. हॉलमध्ये ॲडजस्ट होऊ, चार-पाच महिन्यांचा तर प्रश्न आहे, असं म्हणाला. हॉलमध्ये बाबा असतील, पडद्यापलीकडे ती असेल. तिने नाही म्हटलं. एकदा नाही म्हणून झाल्यावर दुसरं इतकं सोपं जातं याचं तिला भय वाटलं. विचुंब्याला एका नव्या इमारतीत तिने एक खोली आणि स्वयंपाकघर भाड्याने घेतलं, तिसऱ्या मजल्यावर. कॉट, कपाट आणि आरसा टेम्पोतून आणले. भिंती पांढऱ्या, कोरड्या, कसलाच वास नसलेल्या. पहिले काही दिवस ती खोलीच्या मध्येच उभी राहायची, कुणीतरी सांगेल तिथे बसायचं असल्यासारखी. मग हळूहळू बसायला लागली. रात्री बाबांची खोकल्याची उबळ ऐकायला कान आपोआप उघडे राहत आणि काहीच ऐकू येत नसे. त्या शांततेत तिला गाढ झोप लागे. सकाळी उठल्यावर त्या झोपेबद्दल अपराधी वाटे. यार्डातून सुटल्यावर ती घाईघाईने परत येऊ लागली, जणू कुणी वाट पाहत होतं.

बाबा आले तो कामाचा दिवस होता. संध्याकाळी ती जिना चढून वर आली तर दाराबाहेर, बंद दाराला पाठ लावून, ते जमिनीवर बसलेले. शेजारी कापडी पिशवी. तिने कुलूप काढलं, त्यांना आत घेतलं, पाणी दिलं. निकेशला माहीत आहे का विचारलं. त्यांनी मान हलवली, म्हणजे नाही. तिने स्वयंपाकघरात गॅसपाशी जाऊन निकेशला फोन केला, बाबा इकडे आहेत एवढंच सांगितलं. त्याने सुटकेचा श्वास टाकला आणि पलीकडे विनिताला ओरडून सांगितलं. चहा होईपर्यंत बाबा खोली बघत होते. बघायला फारसं काही नव्हतं. तिकडं करमत नाही, ते म्हणाले. सगळे कामावर जातात. मनस्वी कानात वायरी घालून असते. हॉलमधून कुणी गेलं की पाय आखडून घ्यावे लागतात. संडासाला जायचं तर पोरीची खोली ओलांडून. बोलताना त्यांची बोटं पिशवीच्या बंदाशी खेळत होती, आणि रंजिताला पिशवीत काय आहे ते उघडून बघायची गरज नव्हती. ती नुसती भेटीला आणायची पिशवी नव्हती.

ती त्यांच्यासमोर खाली बसली. विचारावं की नाही हे ठरवण्याआधीच तिने विचारलं, त्या दिवशी तुमच्या खोलीत मी नको असं का म्हणालात.

बाबांनी कप खाली ठेवला. "माजी आय अंथरुनाला पडली व्हती तवा तुजी आई तिच्या खोलीत झोपायची," ते म्हणाले. "तुला नाय आठवणार. तू ल्हान. आमी म्हटलं, झोपूदे, म्हातारीला कोन तरी पायजे. एक रात चुकली नाय. आय गेली तवा गोदू त्या खोलीतून भायेर आली, आनी मी तिला बगितलं. म्हातारीच भायेर आली असं वाटलं मला." ते थांबले. "ते मला परत नको."

तिच्या डोळ्यांसमोर आईची पाठ आली, नेहमी वाकलेली, तिला वाटायचं मिठागरातल्या कामाने वाकलेली. एवढे आठवडे ती त्या एका 'नको'ने पोळत होती, आणि आता त्याचा अर्थ असा समोर ठेवल्यावर तिला हलकं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याच्या पाठोपाठच दुसरं आलं. हाच माणूस पिशवी घेऊन इथे बसला आहे. हाच, ज्याला कळतं. आणि त्याला जायला दुसरं कुठे नाही, जसं तिला नव्हतं.

"इथं राहू?" बाबांनी विचारलं. तिच्याकडे न बघता विचारलं. "घर व्हईतो. मी कोपऱ्यात पडंन. माजं काय लागत नाय."

कोपऱ्यात. कॉट आणि कपाट यांच्यामधली ती जागा, जिथे ती रोज संध्याकाळी भिंतीला टेकून, पाय लांब करून, काहीही न करता बसत असे. तिने त्या जागेकडे बघितलं. हो म्हणणं तोंडात तयार होतं, वर्षानुवर्षांच्या सवयीने घासून गुळगुळीत झालेलं, नुसतं तोंड उघडलं की बाहेर पडलं असतं. चार महिने. मग पाऊस लांबला म्हणून आणखी दोन. मग त्यांना बरं नाही म्हणून. मग नव्या घरातही, मोठ्या खोलीत, दुसरा पलंग. बाबांची इच्छा नसली तरी. तिचीही नसली तरी. आणि नाही म्हटलं तर हा म्हातारा माणूस पिशवी उचलेल आणि तीन मजले उतरून रिक्षा शोधेल, आणि ती वर दार लावून पाय लांब करून बसेल. ते तिला जमेल का? जमेल, असं वाटून ती शहारली. खाली इमारतीच्या आवारात मुलं खेळत होती, कुणाची तरी आई कुणाला तरी वर बोलावत होती.

"आजच्या दिवस राहा, बाबा," ती म्हणाली.

'आजच्या' हा शब्द तिने मुद्दाम मोठ्याने म्हटला नव्हता, तरी तो खोलीभर झाला. बाबांनी मान वर केली. ते रागावतील, किंवा डोळे भरून आणतील, आणि मग आपण टिकणार नाही, असं तिला वाटलं. पण त्यांनी तिच्याकडे नीट, जरा वेळ लावून पाहिलं, बाजारात ओळखीचा माणूस पुष्कळ वर्षांनी दिसावा तसं. मग म्हणाले, "बरं." पिशवी त्यांनी उचलली. ती आत कोपऱ्यात नेली नाही. दाराच्या कडेला, चपलांच्या शेजारी, सकाळी सहज हाताला लागेल अशी ठेवली.

रंजिता उठली आणि तिने दोघांपुरते तांदूळ धुवायला घेतले.